आप्पांच्या रिपोर्टातलं एक अक्षर

आप्पांचा जीन पॅनलचा, म्हणजे बरीच जनुकं एकदम तपासणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला तेव्हा मी बारावीचे पेपर तपासत बसले होते. अकरा पानांची पीडीएफ, व्हॉट्सअॅपवर. वर नाव, वय ६४, त्याखाली निदान: लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, टी१ (अस्तराच्या खाली शिरलेला, स्नायूपर्यंत न गेलेला), हाय ग्रेड. आणि मग तीन ओळींचा एक तक्ता. मी तक्त्यात डोकं घातलं होतं तेवढ्यात आप्पा पाठीमागून आले, वाकले, आणि सगळ्यात वरची ठळक अक्षरातली ओळ वाचून गेले. 'जेनेटिक अॅनालिसिस रिपोर्ट.' बोलले काहीच नाहीत. रात्री जेवताना भाकरी अर्धी ठेवून उठले.

भांडी आवरताना आई म्हणाली, "त्यास्नी वाटतंय, तुम्हा पोरींच्यात पण उतरलं असणार. जेनेटिक हाय म्हणजे मी दिलं, असं म्हणतायत. झोपत न्हाईत."

दोन दिवसांनी आत्याचा फोन. धाकटीच्या स्थळाचं बोलणं चालू होतं तेव्हा. "त्या लोकांस्नी एवढ्यात काय सांगू नकोसा. घराण्यातलं दुखणं हाय म्हणतील." आत्याच्या मनात काळजीच होती, मला कळतं. पण मी अठरा वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, उत्परिवर्तनाचा धडा दरवर्षी घेते, आणि माझ्याच घरात 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे एकच आहे असं सगळे धरून चालले होते. हे मला सहन होईना. म्हणून लिहितेय. आणखी कुणाच्या तरी घरी असा रिपोर्ट आला असेल, आणि कुणीतरी अर्धी भाकरी ठेवून उठलं असेल.

आधी घडलं काय ते सांगते.

मागच्या वर्षी श्रावणात आप्पांना लघवीतून रक्त गेलं. एकदाच. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. दिवाळीच्या आधी पुन्हा गेलं, तेव्हा आईनं पाहिलं. जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, मग मुतखडा असेल म्हणून औषध दिलं, आणि गोळ्या घेतल्या की रक्त थांबायचं, त्यामुळं आम्हालाही वाटायचं की लागू पडलं. चार महिने असे गेले. या कॅन्सरचं रक्त असंच असतं, येतं आणि आपोआप थांबतं. गोळीनं थांबलेलं नसतं ते. सोनोग्राफीत गाठ दिसली, मग दुर्बिणीनं ती खरवडून काढली, पाच आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून राहिलेलं काही आहे का ते पाहिलं. स्नायूत शिरलेलं नव्हतं.

आप्पा अठ्ठावीस वर्षं इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये कलर किचनला होते. इचलकरंजीबाहेरच्यांसाठी सांगते: मागावरनं आलेलं कोरं कापड, ज्याला आम्ही ग्रे म्हणतो, ते धुऊन रंगवतात तो कारखाना म्हणजे प्रोसेस, आणि जिथं रंगाची पावडर वजन करून, गरम पाण्यात कालवून शेड बनवतात ती खोली म्हणजे कलर किचन. माझ्या लहानपणी आप्पांची नखं कधी पिवळी, कधी निळी असायची. आई बनियन वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी पाणी लाल व्हायचं. पावडर काढताना तोंडाला टॉवेल बांधायचा, बस. आणि पाळी संपली की बाहेर टपरीवर सगळ्यांनी मिळून बिडी ओढायची. दिवसाला एक कट्टा.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्यात. रंग आणि बिडी.

१८९५ साली जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन नावाच्या सर्जननं फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत लघवीच्या पिशवीच्या गाठी पाहिल्या आणि रंगाच्या कारखान्याशी त्याचा संबंध आहे असं जाहीरपणे मांडलं. पुढं लक्षात आलं की दोष मुख्यतः अॅरोमॅटिक अमाइन या रसायनांचा: बेन्झिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाइन, ४-अमिनोबायफिनाइल. यातलं शेवटचं तंबाखूच्या धुरात असतं. म्हणजे कलर किचनमध्ये जे होतं त्याचं सख्खं भावंड टपरीवरही होतं. या कॅन्सरचे निम्म्याच्या आसपास रुग्ण धूम्रपानामुळं होतात, त्यामुळं सगळं रंगावर ढकलता येणार नाही, आणि आप्पा ढकलतही नाहीत.

बेन्झिडिनवर आधारलेल्या रंगांवर आपल्याकडं बंदी आली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी सुती कापडाला 'डायरेक्ट' जातीचे असे रंग सर्रास चालायचे. डायरेक्ट ब्लॅक ३८ त्यातलाच. असा रंग पोटात गेला की आतड्यातले जीवाणू तो तोडतात आणि बेन्झिडिन मोकळं होतं. यकृत त्यावर प्रक्रिया करतं, ते रक्तातून लघवीत उतरतं, आणि लघवी तासन् तास जिथं थांबते तिथल्या अस्तराला ते चिकटतं. हे अंदाजपंचे नाही. १९९६ साली अहमदाबादच्या बेन्झिडिन आणि त्याचे रंग बनवणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या लघवीतून गळून आलेल्या अस्तराच्या पेशींमध्ये डीएनएला चिकटलेलं बेन्झिडिन सापडलं होतं. तो अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आईची ती लाल पाण्याची बादली दिसायला लागली.

आता तक्ता.

पहिली ओळ: एफजीएफआर३, एस२४९सी. पहिलं नाव जनुकाचं, दुसरं त्यातल्या बदलाचं. हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. ते पेशीच्या अंगावर एक प्रथिन बसवतं, बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की ते आत कळवतं. आप्पांच्या गाठीत या जनुकातल्या २४९व्या जागी डीएनएच्या अक्षरांत टीसीसीच्या ऐवजी टीजीसी झालं होतं. एक अक्षर. तीनशे कोटींहून जास्त अक्षरांतलं एक. त्यामुळं प्रथिनात सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी सिस्टीन बसलं, दोन प्रथिनं एकमेकांना अडकून बसली, आणि निरोप नसतानाही 'वाढ, वाढ' सुरू राहिलं. माणसाच्या कॅन्सरमध्ये असा एका अक्षराचा बदल पहिल्यांदा १९८२ साली सापडला, तोही लघवीच्या पिशवीच्याच गाठीतून वाढवलेल्या पेशींत. जनुक वेगळं होतं, एचरास, पण गोष्ट हीच: एक अक्षर.

दुसरी ओळ टर्ट या जनुकाची. पेशी किती वेळा विभागू शकते याला मर्यादा असते, टर्ट सुरू राहिलं की ती मर्यादा उठते. लघवीच्या पिशवीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये या जनुकाच्या सुरुवातीला, त्याच्या स्विचमध्ये बदल असतो, गाठ साधी असो की आक्रमक.

तिसरी केडीएम६ए. तिच्याकडं नंतर येते.

रविवारी सकाळी मी आप्पांना स्वयंपाकघरात बसवलं. आई चहा करत होती. मी म्हटलं, "आप्पा, पहिल्या ओळीतला हा बदल कधी कधी जन्मजात पण असतो. गर्भातच, अंगातल्या प्रत्येक पेशीत. त्याला थॅनॅटोफोरिक डिसप्लेसिया म्हणतात. त्या बाळाचे हातपाय अगदी आखूड असतात, छाती इतकी अरुंद की फुफ्फुसं फुगत नाहीत. बहुतेक बाळं जन्मल्यावर थोड्याच वेळात जातात. हाच बदल तुम्ही तुमच्या आईबापाकडनं घेऊन आला असता, तर बाळंतिणीच्या खोलीतनं बाहेरच आला नसता. आम्ही दोघी कुठनं झालो असतो?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे हे नंतर झालंय?"

"नंतर. पिशवीच्या अस्तरातल्या एका पेशीत. तिथंच वाढलं. जे आम्हाला दिलंत त्यात हे नव्हतंच."

आई गॅसपाशी पाठ करून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि चहा उतू गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. रिपोर्टवरचा 'जेनेटिक' हा शब्द गाठीच्या जनुकांबद्दल बोलतो, घराण्याच्या नव्हे. आईबापाकडून आलेलं काहीच नसतं असंही मी म्हणणार नाही. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक अवस्थेत मूत्रमार्गाचे कॅन्सर होतात, त्यातही मूत्रपिंडापासून पिशवीपर्यंतच्या नळीचे जास्त. अॅरोमॅटिक अमाइन निकामी करणारं एनएटी२ नावाचं एन्झाइम काहींच्यात जन्मतःच हळू चालतं, आणि अशा माणसाला धूर जास्त बाधतो. जवळच्या नात्यात जोखीम थोडी वाढलेली दिसते. घरात दोघातिघांना मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाचा, मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला असेल, तोही कमी वयात, तर रक्ताची वेगळी तपासणी असते, ती डॉक्टरांना विचारून जरूर करावी. आमच्याकडं तसं कुणी नव्हतं. आणि गाठीचा तुकडा तपासला म्हणजे घराण्याचा रिपोर्ट आला, असं होत नाही.

आता तिसरी ओळ. ती कळायला आधी एक गोष्ट कळावी लागते. ती गोष्ट समजवायला मला जमेना, आणि आप्पांनीच मला समजावली.

मी त्यांना सांगत होते की अक्षरं तशीच राहूनही जनुक बंद पडू शकतं. डीएनएवर मिथाइल नावाचा बारीकसा रासायनिक गट चिकटतो, जनुकाच्या सुरुवातीला असे पुष्कळ चिकटले की पेशीला ते जनुक वाचता येत नाही. गाठ होऊ नये म्हणून राखण करणारी जनुकं अशी गप्प केली जातात. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. मी बोलत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग ते म्हणाले, "तेलाच्या डागासारखं काय?"

"कसला डाग?"

"मागावर ग्रे कापडाला तेल लागतंय. धुलाईत नीट निघालं न्हाई, तर त्या जागी रंग धरत न्हाई. सगळा तागा निळा, मधीच पांढरा ठिपका. सूत तुटलेलं नसतंय. वीण बरोबर असतीया. पण रंग धरत न्हाई."

अठरा वर्षांत यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलेलं नाही. सूत म्हणजे अक्षरं, तेल म्हणजे मिथाइल. आणि पुढचंही त्यांनीच विचारलं, "मग डाग काढायचं औषध हाय का?" आहे. एझासायटिडीनसारखी औषधं मिथाइल उतरवतात, काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती वापरात आहेत. लघवीच्या पिशवीच्या नेहमीच्या उपचारात ती नाहीत. पण डागाचा दुसरा उपयोग होतो: तो दिसतो. लघवीतून गळलेल्या पेशींवरचे मिथाइलचे डाग शोधणाऱ्या तपासण्या निघाल्यात, त्यातली ब्लॅडर एपिचेक नावाची एक असे १५ डाग एका वेळी पाहते. दुर्बिणीची जागा या तपासण्यांनी घेतलेली नाही, पण दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून घेणाऱ्या माणसाला विचारा, त्याला याची किती आस असते.

केडीएम६ए मात्र कांडीचं प्रकरण आहे. आई लग्नानंतर कितीतरी वर्षं घरी कांड्या भरायची, त्यामुळं हे तिला लगेच कळलं. पेशीतला डीएनए मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, कांडीवर सूत असतं तसा. घट्ट गुंडाळला की वाचता येत नाही, सैल केला की येतो. काही रासायनिक खुणा तो घट्ट ठेवतात, आणि केडीएम६एचं काम त्यातली एक खूण पुसून सूत सैल करायचं. आप्पांच्या गाठीत हे जनुकच मध्ये तुटलं होतं. म्हणजे अक्षर बिघडलं जनुकात, आणि त्यामुळं बिघडली दुसऱ्या कितीतरी जनुकांची गुंडाळी. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरमध्ये हे फार दिसतं: केएमटी२डी, एआरआयडी१ए, केडीएम६ए, सगळी गुंडाळी सांभाळणारी जनुकं, आणि तीच वारंवार मोडलेली सापडतात.

यात एक गोष्ट अशी आहे जी मला वर्गात सांगायला फार आवडते. केडीएम६ए एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांना दोन एक्स, त्यातलं एक बहुतांशी गप्प केलेलं असतं, पण हे जनुक त्या गप्प एक्सवरही जागं राहतं. म्हणजे बाईकडं चालू असलेल्या दोन प्रती, पुरुषाकडं एक, आणि वाय गुणसूत्रावरचा त्याचा जोडीदार कामाला कच्चा. हा कॅन्सर पुरुषांत बायकांच्या तीन-चार पट. बिडी-सिगारेट पुरुष जास्त ओढतात, रंगाच्या कामावर पुरुष जास्त, हे खरंच, पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की जास्तीचं एक्स गुणसूत्र या कॅन्सरपासून राखण करतं, आणि त्यात केडीएम६एचा हात आहे.

उपचाराबद्दल थोडंच सांगते. डॉक्टरांनी सांगितलं की एफजीएफआरला अडवणारं एर्डाफिटिनिब हे औषध आहे, २०१९ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पण ते पुढं गेलेल्या आजारासाठी. आत्ता आप्पांना बीसीजी. दंडावर ज्याचा व्रण असतो तेच बीसीजी, क्षयाचं. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी ते लघवीच्या पिशवीत सोडून दाखवलं, आणि आजही त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ते बनतं. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. नळीनं आत सोडायचं, दोन तास धरून ठेवायचं, आणि त्या दोन तासांत कूस बदलत राहायचं म्हणजे सगळीकडं लागतं. मी घड्याळ लावून बसायची: पंधरा मिनिटं उजवी कूस, पंधरा मिनिटं डावी, पालथं, उताणं. घरी आल्यावर सहा तास बसूनच लघवी करायची, संडासात ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबून मगच पाणी. आयुष्यभर ब्लीचच्या वासात काम केलेला माणूस. तिसऱ्या वेळेपासून मला हात लावू देईनात, स्वतःच ओतायचे, मापून.

धाकटीच्या स्थळाला मी स्वतः जाऊन सांगितलं. मुलाच्या वडिलांसमोर रिपोर्ट उघडून ठेवला आणि टीसीसी-टीजीसी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. लग्न वैशाखात आहे.

पण आप्पांनी जे केलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सहावं बीसीजी झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली जुनी, रंगानं कडा माखलेली डायरी काढली आणि फोन घेऊन बसले. मला म्हणाले, "तू म्हणालीस की हे रक्तात न्हाई, कामावर झालंय. मग पोरींच्या आधी ह्यास्नी सांगाया पायजे." कलर किचनमधले, जिगर म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावरचे, बिडीच्या टपरीवरचे. अकरा नंबर होते. तिघं वारले होते. दोन नंबर लागलेच नाहीत. राहिलेल्या सहा जणांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, लघवीतनं कधी लाल गेलंय का, दुखलं नसलं तरी सांग.

अमेरिकेचे एकेकाळचे उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांची गोष्ट मी त्यांना आदल्याच दिवशी सांगितली होती. १९६७ साली त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. १९७६ साली पिशवी काढावी लागली, १९७८च्या जानेवारीत ते गेले. १९९४ साली संशोधकांनी १९६७चा जपून ठेवलेला लघवीतल्या पेशींचा नमुना तपासला, तर १९७६च्या गाठीत टीपी५३ जनुकात जो बदल होता तोच त्यात आधीपासून होता. नऊ वर्षं. त्या काळी तो वाचायची सोय नव्हती. आप्पा प्रत्येक फोनवर हे सांगत होते, नाव 'अमेरिकेचा एक मोठा पुढारी' एवढंच घेऊन.

पाच जण नाही म्हणाले. सहावा, जिगरवर त्यांच्याबरोबर वीस वर्षं काढलेला, जरा थांबला आणि म्हणाला, गणपतीत एकदा गेलं होतं, बीट खाल्लं असंल म्हणून सोडून दिलं. दुखलं न्हाई काय.

"दुखलं न्हाई म्हणूनच चल," आप्पा म्हणाले.

सोमवारी सकाळी सातच्या एसटीनं दोघं सांगलीला गेले. आप्पांनी आपली फाईल पिशवीत घेतली होती, आणि तक्त्याच्या पानावर खूण म्हणून बसचं जुनं तिकीट घातलं होतं.